तेव्हापासून

पडावच्या पुलाखाली कुशवाहाचं गॅरेज.
मंगळवारी त्यानं क्लचप्लेट बदलली.
शुक्रवारी डाव्या दाराची काच
निम्म्यावर येऊन अडली ती अडलीच.
ग्वाल्हेरचा मे महिना
त्या फटीतून शेजारच्या सीटवर येऊन बसला.

शनिवारी दवाखान्याला कुलूप लावून निघाले.
वाक्य रस्ताभर घोळवत होते,
इंदरगंजच्या सिग्नलला तर
मोठ्यानं म्हणूनही पाहिलं:
"तुम्ही हात लावलात, तेव्हापासून."

त्यानं पाना खाली ठेवला.
हात पुसले, ते फडकं
हातांहून काळं.
"मॅडम, क्लच पायाशी. काच दारात.
मी दार फक्त उघडलं आणि लावलं."
"उघडलंत ना? मग!"

मग काय, ते मलाही ठाऊक नव्हतं.
पण भांडणात 'मग' हा शब्द जॅकसारखा.
एवढासा,
अख्खी गाडी उचलून धरतो.

टेम्पोवाला म्हणाला, हे लोक मुद्दाम
एक स्क्रू ढिला ठेवतात, गिऱ्हाईक परत यावं म्हणून.
कुशवाहाचा पोरगा म्हणाला, तुझ्या टेम्पोत
ढिला नसलेला स्क्रू दाखव, चहा पाजतो.
स्कूटर रेलून उभे असलेले फाळके मास्तर
मराठीत पुटपुटले,
"कावळा बसायला आणि फांदी मोडायला."
मला वाटलं, माझी बाजू घेतली.
कुशवाहा जन्मभर लष्करात राहिलेला,
त्याला मराठी कळतं.
त्याला वाटलं, त्याची.

मग त्यानं दाराचं पॅनल उघडलं.
मी रोज लोकांचे जबडे उघडते,
तरी बघवेना.
आत धूळ, एक बडीशेपेची पुडी,
टोलच्या पावत्या, माझंच एक व्हिजिटिंग कार्ड,
आणि काचेची केबल.
तिची गंजलेली तुटकी टोकं
ब्रशच्या केसांसारखी फिस्कारलेली.

त्यानं बोटानं मोजलं.
"बारा तारा असतात.
शेवटची माझ्या हातून गेली असेल,
दार लावताना. नाही म्हणत नाही.
आधीच्या अकरा कोणी तोडल्या?"

मी काहीच बोलले नाही.
मला सिकरवार ठेकेदार आठवले.
गेल्या आठवड्यात माझ्या खुर्चीसमोर उभे,
गालावर हात:
"तुम्ही दाढ काढलीत, तेव्हापासून
कानात शिट्टी वाजते."
मी हसून म्हटलं होतं,
दाढ खाली असते हो, कान वर.
पाचशे रुपये न देताच गेले.
'शेवटची तार माझ्या हातून गेली असेल'
एवढं वाक्य
माझ्या तोंडून काही निघालं नव्हतं.
बीडीएसच्या चार वर्षांत ते
कुणी शिकवलंही नव्हतं.

नवी केबल साडेतीनशेची.
मजुरी नको म्हणाला.
मी पन्नास पुढे केले,
त्यानं पोराकडे बोट दाखवलं,
पोरानं टेम्पोवाल्यासाठी चहा सांगितला,
स्क्रूची पैज तशीच राहिली.

गाडीत बसून सिकरवारांना फोन लावला.
"शिट्टी कशी आहे?"
"कोणती? हां, ती!
ती तर घरातला पंखा बदलला
तेव्हापासून बंद."
पंख्याचा आणि कानाचा काय संबंध, विचारलं नाही.
पाचशेचंही राहून गेलं.

काच आता झरझर वर जाते,
एका बोटानं.
फक्त पुलावर चढताना गाय आडवी आली,
हॉर्न दाबला,
तो जरा घोगरा वाटला.

काल असाच होता का?

पुलाच्या मध्यावर उगाच
आणखी दोनदा वाजवून पाहिला.